आकड्यावरून दुखणं ओळखा : घरच्या स्टोरेज सर्व्हरविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात नागपुरातून आलेली बरीच पत्रं एकाच तक्रारीची आहेत. घरी किंवा ऑफिसात नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेला डिस्कचा डबा, बसवलं, फोटो-व्हिडिओ त्यावर ठेवायला सुरुवात केली आणि कॉपी काही केल्या पुढे सरकत नाही. वेग कमी दिसला की बहुतेक जण आधी नवी डिस्क विकत आणतात, असं या पत्रांवरून दिसतं. आमची विनंती आहे की बाजारात जाण्यापूर्वी तो आकडा कागदावर लिहा आणि सोबत तो कसा वागतो तेही लिहा : एकाच जागी अडून बसतो, की आधी चढतो आणि मग कोसळतो, की सारखा खालीवर होतो. निम्मं निदान तिथेच होतं.

एककाचा घोळ आधी मिटवू. इंटरनेटवाला सांगतो ते मेगाबिट आणि विंडोजच्या कॉपीच्या खिडकीत दिसतात ते मेगाबाइट. मेगाबिटला ८ ने भागलं की मेगाबाइट मिळतात. गिगाबिट लॅनचे (घरातल्या वायरीच्या नेटवर्कचे) कागदावर सेकंदाला १२५ एमबी होतात, पण मजकुराच्या पाकिटांवरचे पत्ते वगैरे वजा जाता हाती ११० ते ११५ येतात. तेवढे मिळत असतील तर तुमची वायर, स्विच आणि नॅस तिघंही ठणठणीत आहेत. उत्तरांत आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत, टंकताना त्या इंग्रजी अक्षरांतच लिहायच्या.

प्रश्न : माझा फोटो स्टुडिओ आहे. खाली स्टुडिओ, वर घर. दोन डिस्कचं नॅस वरच्या खोलीत राउटरजवळ ठेवलं आहे. एका लग्नाचं शूटिंग साधारण १२० जीबी भरतं आणि ते चढवायला तीन तास लागून राहिले. वेग ११.३ च्या वर जात नाही आणि खालीही येत नाही. डिस्क काढून एसएसडी टाकल्या, तरी फरक शून्य. आता नॅसच बदलू का?
— छायाचित्रकार, महाल

उत्तर : नॅस बदलू नका, आणि एसएसडीही त्यातून काढून एडिटिंगच्या कॉम्प्युटरला लावा, तिथे त्यांचा खरा उपयोग होईल. ११ ते १२ एमबीवर अगदी सरळ रेषेत अडकलेला वेग म्हणजे १०० मेगाबिटची लिंक. स्टुडिओ आणि नॅस यांच्यामध्ये एक तरी दुवा गिगाबिटवर न चालता १०० वर चालतो आहे. तो दुरुस्त झाला की हेच १२० जीबी अठरा-वीस मिनिटांत चढतील.

विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट इथे लिंक स्पीड दिसतो. तिथे १०० दिसलं तर दोष तुमच्या कॉम्प्युटरपासून पहिल्या स्विच किंवा राउटरपर्यंतच्या तुकड्यात आहे. तिथे १००० असूनही कॉपी ११ वरच असेल तर पलीकडचा तुकडा बघा. नॅसच्या नेटवर्कच्या पानावर त्याची लिंक दिसते. साधा लिनक्स सर्व्हर असेल तर इथटूल या आज्ञेपुढे लॅन कार्डाचं नाव लिहिलं की वेग कळतो.

मग लॅपटॉप वर न्या आणि दुकानातून तयार मिळणाऱ्या एक-दीड मीटरच्या वायरने राउटरच्या दुसऱ्या पोर्टला लावा. इथे ११० मिळाले तर दोष खालून वर येणाऱ्या वायरीत आहे. इथेही ११ च आले तर राउटरचे पोर्ट तपासा. फायबरवाले बसवून देतात त्या काही डब्यांत एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि बाकीचे १०० चे. डब्याच्या मागे पोर्टांशेजारी ‘जीई’ आणि ‘एफई’ लिहिलेलं असतं, त्यातला एफई म्हणजे १०० मेगाबिट. असा डबा असेल तर तो बदलून मागत बसू नका. पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच आणा, नॅस आणि स्टुडिओची वायर दोन्ही स्विचलाच लावा, आणि स्विचपासून एक वायर डब्याला द्या. मग घरातल्या घरातली कॉपी स्विचमधूनच वळते आणि डब्याकडे फक्त इंटरनेटचं काम उरतं.

तुमच्या बाबतीत मात्र आमचा संशय वायरीवरच जास्त आहे, कारण ती बाहेरच्या भिंतीवरून वर गेलेली असणार. लॅनच्या वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. ४, ५, ७, ८ यांपैकी एक तार तुटली किंवा प्लगमध्ये सैल बसली तरी इंटरनेट व्यवस्थित चालत राहतं, दिवाही लागतो, आणि लॅन कार्ड काही न बोलता १०० वर उतरतं. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही.

तार का तुटते, तर बाजारात स्वस्त मिळणाऱ्या पुष्कळशा वायरी तांब्याच्या नसतात, ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर दिलेला असतो. ब्लेडने तार खरवडून पाहा. आतून पांढरी चमक दिसली तर ती ॲल्युमिनियमची. अशी वायर हाताला हलकी लागते, दोन-तीनदा वाकवली की मोडते आणि प्लगच्या पात्याखाली हळूहळू सैल होते. कॅट ५ई आणि कॅट ६ च्या मानकांत पूर्ण तांबंच लागतं, त्यामुळे वर ‘कॅट ६’ छापलं असलं तरी ॲल्युमिनियमची वायर त्यात बसत नाही. दुसरं कारण आपलं ऊन. घरात वापरायच्या वायरीचं राखाडी पीव्हीसी आवरण गच्चीवर किंवा पश्चिमेच्या भिंतीवर तडकतं, पावसाळ्यात त्यात पाणी शिरतं आणि तारा हिरव्या पडतात. बाहेरून न्यायची वायर काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची, पूर्ण तांब्याची घ्या आणि ती पाइपातून न्या. खिडकीतून आत घेताना बाहेरच्या बाजूला खाली एक झोळ सोडा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी तिथूनच गळून जाईल.

नवा प्लग दाबताना रंगांचा क्रम डावीकडून असा ठेवा : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. प्लगची सोनेरी पाती आपल्याकडे आणि खटका मागच्या बाजूला धरायचा. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. काही जण रंगाशेजारी रंग ठेवून, निळ्याशेजारी पांढरा-निळा आणि हिरव्याशेजारी पांढरा-हिरवा असा ‘सरळ’ क्रम दोन्ही टोकांना लावतात. आठ दिव्यांच्या टेस्टरवर ही वायर पास होते, कारण पिन एक पिन एकलाच पोहोचते. पण ३ आणि ६ या पिनांवर पिळलेली एक जोडी न येता दोन वेगळ्या जोड्यांच्या तारा येतात. पीळ नसल्याने शेजारच्या तारांचा गोंगाट आत शिरतो आणि लिंक कधी १०० वर उतरते, कधी तुटते. तेव्हा टेस्टरचे आठ दिवे पेटले एवढ्यावर समाधान मानू नका. तारांचा पीळही प्लगजवळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलू नका.

शेवटी मोजमाप. नॅसवर किंवा सर्व्हरवर ‘आयपर्फ३ -एस’ चालू ठेवा, स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर ‘आयपर्फ३ -सी’ आणि पुढे नॅसचा पत्ता, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०, असं द्या. ही चाचणी डिस्कला हातही लावत नाही, फक्त रस्ता मोजते. ९३० ते ९४० मेगाबिट आले की वायरीचं काम झालं. त्याच आज्ञेला शेवटी ‘-आर’ (मोठ्या लिपीतला) जोडून उलटी दिशाही मोजा. एका दिशेला ९४० आणि दुसरीला २०० असं आलं तर प्लग पुन्हा दाबा.

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपवर ओपनमीडियाव्हॉल्ट हे नॅसचं लिनक्स सॉफ्टवेअर टाकलं आहे. रॅम ८ जीबी, डेस्कटॉपसाठीची ४ टीबीची नवी डिस्क. कॉपी सुरू केली की ११२ चा वेग येतो, पण पंधरा-वीस जीबी झाले की धाडकन २५ वर येतो, मधेच शून्यही दाखवतो. वाचताना काही अडचण नाही. मित्र म्हणतो रॅम १६ कर.
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, मानेवाडा

उत्तर : ११२ पर्यंत पोहोचता आहात, म्हणजे नेटवर्क चांगलं आहे. रॅम वाढवूनही हे दुखणं जाणार नाही. लिनक्स लिहायचा मजकूर आधी रॅममध्ये घेतं हे खरं, पण मोकळ्या रॅमच्या साधारण २० टक्क्यांपर्यंतच. तुमच्याकडे ते दीड जीबीच्या आसपास भरेल. रॅमचा मामला असता तर वेग दुसऱ्या-तिसऱ्या जीबीलाच पडला असता. पंधरा-वीस जीबीनंतर पडतो, याचा अर्थ भरतं आहे ते डिस्कच्या आतलं राखीव अंगण.

तुमची डिस्क एसएमआर जातीची असावी. कौलारू छपरावर कौलं जशी एकमेकांवर चढवून बसवतात, तसे या डिस्कमध्ये चुंबकीय पट्टे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त मजकूर मावतो. पण मधलं एक कौल बदलायचं तर त्यावर चढलेली पुढची कौलंही उचलावी लागतात. इथेही एक पट्टा बदलायला त्याच्या पुढचा सगळा गट वाचून पुन्हा लिहावा लागतो. हा त्रास लपवण्यासाठी डिस्क काही दहा जीबींची जागा साध्या पद्धतीची राखून ठेवते, आधी तिथे भराभर लिहून घेते आणि निवांत वेळी ते मुख्य जागेत हलवते. तुम्ही सलग लिहीत राहिलात की अंगण भरतं, आणि मग तिला एकाच वेळी नवं घ्यायचं आणि जुनं हलवायचं अशी दोन्ही कामं करावी लागतात. वाचताना यातलं काहीच होत नाही, म्हणून वाचनाचा वेग चांगला राहतो.

खात्री करायची तर नेटवर्क मध्ये न आणता सर्व्हरवरच ४० जीबीची फाइल लिहून पाहा. डीडी वापरत असाल तर आज्ञेत ‘कॉन्व्ह=एफडेटासिंक’ घाला, नाहीतर डिस्कवर उतरायच्या आधीच वेग छापला जाईल. आणखी एक फसगत : बीटीआरएफएस किंवा झेडएफएस या फाइल-व्यवस्थांवर कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यांनी भरलेली फाइल आकुंचन पावून जवळजवळ काहीच लिहिलं जात नाही आणि वेग अचाट दिसतो. तिथे खरी व्हिडिओ फाइलच वापरा. दुसऱ्या खिडकीत ‘आयओस्टॅट -एक्स ५’ चालू ठेवा. वेग पडला त्या क्षणी डिस्क १०० टक्के व्यग्र आणि लिहिण्याची प्रतीक्षा शेकडो मिलिसेकंद दिसली तर निदान पक्कं. मग डिस्क दोन तास तशीच चालू ठेवून पुन्हा लिहा. पहिले काही जीबी परत वेगात गेले, की शंकेला जागा उरत नाही.

त्याच बैठकीत स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, तीन आकडे बघा, कारण आजारी डिस्कही असेच झटके देते. क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित सेक्टर. यांतला कोणताही वाढत असेल तर आधी बॅकअप घ्या. १९९ हा सीआरसी चुकांचा. तो वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क चांगली आणि साटाची वायर खराब असते. ती बदलली की आकडा वाढायचा थांबतो, मागचा मात्र पुसला जात नाही.

डिस्क एसएमआर निघाली तर फेकू नका, बॅकअपला ती उत्तम आहे. रात्री थोडं थोडं लिहून पुढे तिला स्वस्थ राहू द्या. फक्त रेडमध्ये (RAID, अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत) किंवा झेडएफएसच्या पूलमध्ये घालू नका, कारण एक डिस्क बदलून पुन्हा भरताना ती इतकी रखडते की कधी कधी प्रणाली तिला मेलेली समजून बाहेर काढते. नवी घेताना मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या पत्रकात ‘सीएमआर’ (पट्टे एकमेकांवर न चढवलेली साधी पद्धत) लिहिलं आहे का ते पाहा, नुसत्या नावावर जाऊ नका. वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्या ‘रेड’ मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत हे २०२० मध्ये उघड झालं, आणि त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. सीगेटच्या ‘आयर्नवुल्फ’ सीएमआर असतात, ‘बाराकुडा’ मालिकेतल्या बऱ्याच नसतात.

प्रश्न : जुनी हस्तलिखितं आणि नियतकालिकं स्कॅन करून ठेवतो आहे. एका फोल्डरात ६०,००० पानं, प्रत्येक साधारण २५० केबीचं. ते सर्व्हरवर पाठवायला ५० मिनिटं लागली, वेग ५ एमबी दिसला. पण मुलाच्या लग्नाचा २० जीबीचा व्हिडिओ त्याच वायरीने १०० च्या वेगात गेला. हे कसं?
— निवृत्त प्राध्यापक, धरमपेठ

उत्तर : सर, व्हिडिओच्या १०० मुळे तुमची वायर, स्विच आणि डिस्क निर्दोष ठरल्या. आता हिशेब बघा. ६०,००० फायलींचे १५ जीबी होतात, सलग फाइल असती तर ते सव्वादोन-अडीच मिनिटांचं काम. लागली ५० मिनिटं, म्हणजे दर फाइलमागे ५० मिलिसेकंद. मजकूर पोहोचवायला त्यातले दोन-तीनच लागले, बाकीचे सगळे शिष्टाचारात गेले : या नावाची फाइल आहे का, नसेल तर तयार कर, लिही, तारीख लाव, बंद कर. प्रत्येक पायरीला कॉम्प्युटर सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबतो. शिवाय फिरत्या डिस्कला नोंदी करायला सुई इकडून तिकडे न्यावी लागते, आणि तशा एका हालचालीला आठ-दहा मिलिसेकंद लागतात. अँटिव्हायरस प्रत्येक पान उघडून पाहत असेल तर त्याची भर वेगळी.

एका फोल्डरात ६०,००० ठेवणं हाही स्वतंत्र दोष आहे. विंडोज नावातली लहान-मोठी अक्षरं सारखीच मानतं, लिनक्स वेगळी मानतं. दोघांचा मेळ घालायला सांबा हे सॉफ्टवेअर नवी फाइल करण्यापूर्वी ते नाव दुसऱ्या कोणत्या रूपात आधीच आहे का, हे पाहायला अख्खा फोल्डर धुंडाळतं. फोल्डर जितका मोठा, तितकं प्रत्येक पुढचं पान हळू जातं. पहिली हजार पानं भरकन आणि शेवटची हजार रेंगाळत गेली असतील तर कारण हेच. वर्ष, अंक किंवा पोथी यांप्रमाणे उपफोल्डर करा आणि एकात हजार-दोन हजारांहून जास्त ठेवू नका. पुढे शोधायलाही तेच सोयीचं.

पाठवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गठ्ठा बांधणे. सेव्हन-झिपमध्ये कॉम्प्रेशनची पातळी ‘स्टोअर’ ठेवा. जेपीईजी पानं आणखी आकसत नाहीत, उगाच प्रोसेसर शिणतो. तयार झालेली एकच मोठी फाइल सर्व्हरवर पाठवा आणि सर्व्हरच्याच फाइल मॅनेजरमधून तिथल्या तिथे सोडवा. विंडोजवरून ती सोडवायला गेलात तर सगळी पानं पुन्हा वायरीवरून ये-जा करतील, हे लक्षात ठेवा. गठ्ठा नको असेल तर रोबोकॉपी वापरा आणि त्याला ‘/एमटी:१६’ हा पर्याय द्या. एका वेळी सोळा फायली चालतात, त्यामुळे एकीच्या उत्तराची वाट पाहताना बाकीच्या पुढे जातात. एसएसडीवर १६ चे ३२ करून पाहायला हरकत नाही, फिरत्या डिस्कवर जास्त वाढवलं की सुईचीच धावपळ होऊन वेग उलट घटतो.

कॉपी संपल्यावरही नॅस तासन्‌तास घरघरत राहिलं तर ते लघुचित्रं बनवत आणि अनुक्रमणिका रचत असतं. हस्तलिखितांच्या फोल्डरपुरतं ते बंद करता येतं.

प्रश्न : रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला यूएसबीच्या दोन छोट्या डिस्क लावून घरचा सर्व्हर केला आहे. हिवाळ्यात लॅपटॉपवर वाय-फायने ४० एमबी यायचे. एप्रिल-मेमध्ये ५ वर आले, आणि एक डिस्क मधेच गायब होते. पाय हॉलमध्ये राउटरशेजारी आहे. उन्हामुळे होतं का?
— वाचक, खामला

उत्तर : उन्हाळ्यामुळे होतं, पण तीन वेगवेगळ्या वाटांनी. तिन्ही स्वतंत्र तपासा.

पहिली वाट कूलरची. हॉल आणि तुमची खोली यांच्या मध्ये, खिडकीत किंवा दारात, डेझर्ट कूलर बसला आहे का? त्याचं पत्र्याचं अंग लहरी परतवतं, टाकीतलं आणि ताट्यांतलं पाणी त्या शोषतं. ५ गिगाहर्ट्झची लहर आधीच भिंतीत दमते. मध्ये भरलेला कूलर आला की लॅपटॉप निमूटपणे २.४ वर जातो, आणि शेजारपाजारच्या राउटरांच्या गर्दीत तिथे ५ एमबी म्हणजे नेहमीचंच. लॅपटॉप कोणत्या पट्ट्यावर आहे ते वाय-फायच्या गुणधर्मांत पाहा. मग कूलर तसाच ठेवून राउटर हात-दीड हात वर किंवा बाजूला सरकवून पाहा, सरळ रेषा कूलरमधून जाऊ नये एवढंच बघायचं. पाय राउटरला वायरीने जोडलेला हवा. तोही वाय-फायवर असेल तर तीच फाइल एकाच हवेतून दोनदा जाते आणि वेग निम्मा होतो.

दुसरी वाट पायच्या स्वतःच्या तापाची. तो ८० अंशांना पोहोचला की आपला वेग कमी करू लागतो. खोलीच ४० अंशांवर असेल तर बंद प्लास्टिकच्या डबीत हे सहज घडतं. ‘व्हीसीजेनकमांड मेजर_टेम्प’ ने तापमान कळतं आणि ‘व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड’ ने मागे कधी वेग कापला गेला का ते. उत्तर ०एक्स० सोडून काहीही आलं तर ताप किंवा कमी व्होल्टेज, दोन्हींपैकी एक झालेलं आहे. ॲल्युमिनियमची डबी आणि छोटा पंखा पुरतो. सर्व्हर कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. थंड होईल असं वाटतं, पण त्या हवेत ओलावा असतो आणि बोअरच्या पाण्यातले क्षार तुषारांबरोबर उडून सर्किटवर बसतात.

तिसरी वाट गायब होणाऱ्या डिस्कची, आणि ती बहुधा विजेची आहे. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. अडीच इंची फिरती डिस्क सुरू होताना एकटीच एक अँपिअरच्या आसपास मागते. दोन डिस्कना स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब हवाच. डिस्क निळ्या पोर्टातच आहेत ना, हेही बघा. काळे पोर्ट यूएसबी २ चे आहेत, त्यावर ३५ ते ४० एमबीच्या पुढे कधीच जाणार नाही, आणि तुमचा हिवाळ्यातला ४० चा आकडा पाहून ही शंका येते. डिस्क विंडोजच्या एनटीएफएस रचनेत असेल तर तीही लिनक्सच्या एक्सटी४ रचनेत करून घ्या, अर्थात मजकूर आधी दुसरीकडे हलवून. जुन्या पद्धतीच्या एनटीएफएस चालकात पायचा प्रोसेसरच दमतो.

प्रश्न : ऑफिसात चार डिस्कचं रेड ५ नॅस आहे, डिस्क ४ टीबीच्या. वादळात वीज गेली की दुसऱ्या दिवशी दिवसभर ड्रॉइंग उघडायला वेळ लागतो, मग आपोआप बरं होतं. इन्व्हर्टर आहे. वेग वाढावा म्हणून नॅसला दोन लॅन वायरी जोडून लिंक ॲग्रिगेशन केलं, उपयोग झाला नाही.
— आर्किटेक्ट, प्रतापनगर

उत्तर : नॅस अचानक बंद पडलं की चारही डिस्कवरचा मजकूर आणि पॅरिटी (एक डिस्क गेली तर मजकूर परत मिळवून देणारी जादा नोंद) जुळते का, याची खात्री ते पुन्हा चालू झाल्यावर करतं. ४ टीबीची डिस्क सरासरी १३० एमबीने वाचली तरी साडेआठ तास होतात. त्यात तुमचं काम चालू, म्हणून दिवस जातो. नॅसच्या स्टोरेजच्या पानावर किंवा लिनक्सवर ‘/प्रॉक/एमडीस्टॅट’ फाइलमध्ये ‘रीसिंक’ची टक्केवारी दिसेल. ती थांबवू नका, रात्री चालू द्या. काही नॅसमध्ये कामाच्या वेळी हिचा वेग मर्यादित ठेवायची सोय असते, तेवढी वापरा. बिटमॅप (कुठे लिहिणं चालू होतं याची नोंद) चालू असेल तर फक्त अर्धवट राहिलेला भागच तपासला जातो आणि काम मिनिटांत आटोपतं. ओपनमीडियाव्हॉल्टसारख्या, लिनक्सच्या एमडी रेडवर तो आहे का ते पाहाच.

मूळ दोष इन्व्हर्टरच्या बदलाच्या क्षणात आहे. कॉम्प्युटरचा वीजपुरवठा विजेविना साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, आणि घरगुती इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. त्याच्या मागे किंवा पुढे ‘यूपीएस मोड’चं बटण असेल तर ते चालू करा. तरीही नॅससाठी वेगळा लहान लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस घ्या, त्याची यूएसबी वायर नॅसला जोडा आणि बॅटरीवर पाच मिनिटं गेली की स्वतःहून बंद हो असं नॅसला सांगून ठेवा. नॅसने सुरक्षेसाठी डिस्कची राइट कॅश बंद केली आहे का तेही पाहा. ती बंद असेल तर लिहिणं कायमचं मंदावतं, आणि यूपीएस नसताना ती चालू करणं धोक्याचं.

लिंक ॲग्रिगेशनने एका कॉम्प्युटरची एक कॉपी दुप्पट होत नाही. एक संवाद एकाच वायरीवरून जातो. चार जण एकदम काम करतात तेव्हाच दुसरी वायर कामी येते. एकाच कॉम्प्युटरला दोन्ही वायरी वापरायच्या असतील तर विंडोजच्या फाइल-वाटपाच्या ‘एसएमबी’ पद्धतीतलं मल्टिचॅनेल हवं, आणि त्या कॉम्प्युटरलाही दोन लॅन पोर्ट लागतात.

प्रश्न : मुलगी पुण्यात असते. ती घरचे फोटो उघडते तेव्हा फार हळू येतात. घरात ११० मिळतात.
— वाचक, जरीपटका

उत्तर : तिच्याकडे पोहोचणारा वेग तुमच्या घरच्या अपलोडचा असतो. अपलोड ४० मेगाबिटचं असेल तर तिला जास्तीत जास्त ५ एमबी मिळतील. त्याहूनही बरेच कमी येत असतील तर जोडणी कंपनीच्या मधल्या सर्व्हरवरून वळसा घालून येते आहे. टेलस्केल हे बाहेरून घरचं नेटवर्क गाठायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ‘टेलस्केल स्टेटस’ मध्ये ‘रिले’ दिसतं की ‘डायरेक्ट’ ते पाहा.

प्रश्न : अडचण अशी की डिस्क ९३ टक्के भरली आणि वेग हळूहळू निम्म्यावर आला.
— वाचक, कामठी रस्ता

उत्तर : फिरत्या डिस्कची बाहेरची कडा एका फेऱ्यात जास्त मजकूर ओलांडते, आतली कडा जवळजवळ निम्मा. डिस्क बाहेरून आत भरत जाते, म्हणून हे स्वाभाविक आहे. झेडएफएस असेल तर ८०-८५ टक्क्यांनंतर मोकळी जागा शोधण्याचा खर्चही वाढतो. तिथे जागा रिकामी करणं हाच उपाय.

प्रश्न : विंडोज ११ प्रो नवी आवृत्ती घेतल्यापासून जुन्या नॅसवरचा वेग ९० वरून ५० वर आला.
— वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रो एसएमबीच्या प्रत्येक पाकिटावर सही मागतं. जुन्या, कमकुवत प्रोसेसरच्या नॅसला ती करताना दम लागतो. कॉपी चालू असताना नॅसचा प्रोसेसर १०० टक्क्यांजवळ दिसला तर कारण हेच. सही लगेच बंद करू नका, ती मधल्या कोणी मजकूर बदलू नये म्हणून आहे. आधी नॅसचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा.

प्रश्न : अडीच गिगाबिटचा स्विच घेऊ का? घरात कॅट ५ई आहे, नॅसमध्ये एकच फिरती डिस्क.
— वाचक, नंदनवन

उत्तर : आत्ता ११० मिळत असतील आणि तुमची डिस्क आतल्या आत २०० देत असेल, तर घ्या, वेग त्या २०० पर्यंत जाईल. अडीच गिगाबिटची रस्त्याची मर्यादा २८० च्या आसपास आहे, तिथवर एकटी फिरती डिस्क सहसा पोहोचत नाही. लॅपटॉप वाय-फायवरच वापरत असाल तर पैसे वाया जातील. नॅस, स्विच आणि कॉम्प्युटर, तिन्हींना अडीच गिगाबिटचे पोर्ट हवेत, कॉम्प्युटरला यूएसबी ३ चा अडॅप्टर चालतो. जंबो फ्रेमच्या (नेहमीपेक्षा मोठ्या पाकिटांच्या) भानगडीत पडू नका. एक जरी उपकरण ती मानत नसेल तर कॉपी मधेच गोठते. कॅट ५ई मात्र बदलू नका, ती पूर्ण तांब्याची असेल तर अडीच गिगाबिट १०० मीटरपर्यंत नेते.